वांग्याचं साल आणि माझं

कॅन्सरच्या गोळ्या मी पाचक गोळ्यांच्या डबीत भरून ठेवल्या होत्या. आज हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते, पण ज्या दुपारी हा उद्योग केला त्या दुपारी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

त्याचं असं झालं. माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली. मागे काही उरलंसुरलं असेल तर तेही जावं म्हणून डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या. सलाईनमधून नाही, घरी बसून तोंडाने घ्यायच्या. हे ऐकून मला एवढा आनंद झाला की पुढचं ऐकायचं राहूनच गेलं. घरात बीपीची गोळी होती, गुडघ्याची होती, त्यात ही तिसरी. एवढ्यावर माझी समज संपली.

आजाराचं मी बायकोखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशन हर्नियाचं म्हणून खपवलं होतं. आता गोळ्यांचं पाकीट कुठे लपवायचं हा प्रश्न होता, कारण पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत पाहुणा चहाला आला की समोर दिसेल तो कागद वाचतो. लाइटचं बिल असो, लग्नपत्रिका असो, रक्ताचा रिपोर्ट असो, माणूस चष्मा चढवतो आणि मोठ्याने वाचतो. मग मी एका दुपारी टीपॉयपाशी बसलो, एकेक गोळी अंगठ्याने दाबून पाकिटातून बाहेर काढली आणि लाल झाकणाच्या रिकाम्या डबीत भरली. डबीवर डाळिंबाचं चित्र होतं. पाकिटं फाडून कचऱ्यात टाकली. डबी पुन्हा टीपॉयवर, बडीशेपेच्या वाटीजवळ. कोणाच्या बापाला कळणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. शाळेत हेडक्लार्क म्हणून चोवीस वर्षं फायली सांभाळलेला माणूस याहून हुशार काय करणार?

पुढच्या रविवारी धुळ्याहून साडूभाऊ आले. साडूभाऊ म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. या गृहस्थांना जगातल्या प्रत्येक गोष्टीची माहिती आहे आणि त्यातली एकही खरी नाही. जेवण झालं, शेवभाजीचा रस्सा त्यांनी ताट वाकडं करून प्यायला, ढेकर दिली आणि सवयीने हात टीपॉयकडे गेला. जेवल्यावर दिसेल त्या डबीचं झाकण उघडायचं, हा आमच्याकडच्या पाहुण्याचा हक्कच आहे. त्यांनी तळहातावर दोन गोळ्या ओतून घेतल्या.

"हाई काय शे? नवी गोळी दिसस."

अडवावं तर का अडवलं ते सांगावं लागेल. न अडवावं तर साडूभाऊ माझं औषध खातील. लाज वाटते सांगायला, पण दोन श्वास मी हा विचार करत होतो की एका गोळीने या माणसाचं काय एवढं बिघडेल.

बायको ताकाचे पेले घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. तिने गोळ्या ओळखल्या, पण पेले खाली ठेवले नाहीत, आवाज चढवला नाही. "भाऊजी, त्या गोळ्या परत डबीत टाका. यांच्या कॅन्सरच्या आहेत त्या. आणि हात साबणाने धुऊन या."

साडूभाऊंनी हात कोपरापर्यंत धुतले. परत आले ते माझ्यापासून दोन खुर्च्या लांब बसले. आजार हात धुतल्याने जाणारा आणि शेजारी बसल्याने येणारा आहे, अशी त्यांची त्याच क्षणी पक्की खात्री झाली होती. ताक न पिता निघाले, आणि ते धुळ्याला पोचायच्या आत माझा हर्निया अख्ख्या खानदेशातून बरा होऊन कॅन्सर झालेला होता.

बायकोने दवाखान्यात फोन लावला. तिथल्या सिस्टरने सांगितलं की उघड्या ठेवलेल्या त्या गोळ्या आता वापरू नका, फेकूही नका, डबी तशीच पिशवीत बांधून परत आणून द्या. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तीस वर्षांची ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, पहिल्या दिवशी मी तुम्हाला वीस मिनिटं समजावलं होतं. तुम्ही दर वाक्याला हो म्हणत होता."

"हो," मी म्हणालो.

"आत्ताही तेच म्हणताय."

मग तिने सगळं पुन्हा सांगितलं, पण माझ्याकडे बघून नाही, बायकोकडे बघून. गोळी तिच्या पाकिटातच ठेवायची. दुसऱ्या कोणी उघड्या हाताने धरायची नाही. कुटायची नाही, तोडायची नाही. सकाळी आणि संध्याकाळी, पोटभर जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. चौदा दिवस घ्यायची, सात दिवस बंद, मग पुढची फेरी. एखादी विसरली किंवा उलटी झाली तर दुप्पट करायची नाही. संडासचं झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं. आणि जुलाब लागले, ताप आला, तोंड आलं, तळहात-तळपाय लाल होऊन दुखायला लागले, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

बायकोने हे सगळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर उतरवून घेतलं. दुधाचा हिशोब त्या दिवसापासून वहीत गेला आणि कॅलेंडरच्या चौकोनांत माझ्या गोळ्या आल्या. जेवण झालं की ती गोळ्या पाकिटातून बाटलीच्या झाकणात पाडायची आणि झाकण माझ्यासमोर सरकवायची. मी गिळल्या की चौकोनात रेघ. मग हजेरी घ्यायची.

"जुलाब?"

"नाही."

"हात?"

"बरे आहेत."

"तोंड? ताप?"

"नाही. नाही."

मुलांची हजेरी घेणाऱ्या शाळेत मी नोकरी केली आणि म्हातारपणाच्या उंबरठ्यावर स्वतःच हजेरी द्यायला लागलो. पण निदान त्या वेळी मी खरं बोलत होतो.

बातमी फुटल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आजारी माणसाला बघायला येणं हा आपल्याकडे एक उद्योग आहे, आणि त्यात भांडवल म्हणून बिस्किटाचा एक पुडा पुरतो. लोक येतात, डोळ्यांनी तुमचं वजन करतात, मग आवाज खाली आणून बायकोला विचारतात, "खाणं जातं का?" मी समोर बसलेला असतो, केळ्याचं शिकरण खात असतो, तरी हा प्रश्न बायकोलाच. एकाने गोमूत्र सांगितलं. एकाने सगळी केमो बंद करून फक्त दुधी भोपळ्याचा रस सांगितला, आणि तो स्वतः बीपीच्या दोन गोळ्या घेतो. एक बाई मला बघून रडल्या. त्यांना मी ओळखतही नव्हतो, त्या शेजारच्यांकडे आल्या होत्या. या सगळ्यांच्या नजरेत एकच भाव: बिचारा. शिवी परवडली, पण बिचारा नको.

साडूभाऊंनी मात्र हद्द केली. ते पुन्हा आले, या वेळी दारातल्या खुर्चीवर बसले आणि सोनगीरकडच्या कुठल्याशा बाबाची राखाडी पुडी काढली. बायकोने ती त्यांच्यासमोर उचलली आणि त्यांच्याच पिशवीत परत घातली. "या गोळीबरोबर दुसरं काहीही घ्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारायचंय, भाऊजी. बाबांना घेऊन या, डॉक्टरांपुढे बसवू." साडूभाऊ हसले. ती आत गेल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाले, "एक सांगू? डॉक्टरले बठ्ठं सांगू नका. तक्रार केली का ते गोळी कमी करतस. आन गोळी कमी म्हणजे आजार परत."

आयुष्यभर या माणसाचं मी काही ऐकलं नाही. त्याने सांगितलेला प्लॉट घेतला नाही, त्याने सांगितलेला मोबाइल घेतला नाही, त्याने दाखवलेल्या रस्त्याने कधी गाडी घातली नाही. आणि नेमकं हे एक वाक्य मी मनात घट्ट बांधून ठेवलं. भित्रा माणूस सल्ला कोण देतो हे बघत नाही, आपल्या भीतीला कोणता बसतो तेवढं बघतो. मला गोळी बंद होण्याची भीती होती. गोळी चालू आहे तोवर मी आजाराच्या एक पाऊल पुढे आहे, असं माझं गणित होतं.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी माझे तळहात लाल झाले. आधी नुसते तापल्यासारखे, मग गुळगुळीत, मग बोटांची टोकं सोलायला लागली. सिस्टरने लावायला युरियाचं मलम दिलं होतं. युरिया आमच्याकडे केळीला टाकतात, हा विनोद मी त्या मलमावर इतक्या वेळा केला की शेवटी ते लावायचंच राहिलं. फायलींना चिकटतं, असं कारणही होतं. सात दिवसांच्या सुटीत हात जरा निवळले. तिसरी फेरी सुरू झाली तसे पुन्हा पेटले.

आधी ओळखलं ते शाळेतल्या यंत्राने. हजेरीला अंगठा लावायचं ते यंत्र एका सकाळी म्हणालं, ओळख पटली नाही, पुन्हा प्रयत्न करा. मी केला. पुन्हा नाही. दुसरा अंगठा, मग दहाही बोटं. शिपायाने काच रुमालाने पुसून दिली. मागे बारा शिक्षक रांगेत, आणि चोवीस वर्षं त्याच शाळेत काढलेल्या माणसाला भिंतीवरचा डबा सांगतोय की मी तुला ओळखत नाही. माझ्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. गोळीने असं होतं, हे कॅलेंडरवरच्या यादीत खाली लिहिलेलंही होतं. मी काय केलं? तीन परिच्छेदांचा अर्ज लिहिला, की सदर यंत्र सदोष असून कर्मचाऱ्यांचा अवमान करत आहे. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला. यंत्र ठणठणीत होतं. मुख्याध्यापिका बाईंनी मला रजिस्टरवर सही करायची परवानगी दिली, तीही बिचारा नजरेने.

घरी हजेरी चालूच होती. "हात?" "थंडीने फुटलेत जरा." "मलम लावता ना?" "लावतो." जुलाबही दिवसाला दोन-तीन सुरू झाले होते. "जुलाब?" "नाही." कॅलेंडरच्या चौकोनांत रेघा पडत होत्या, आणि त्यातली निम्मी माहिती मी बनवलेली होती. सरकारी रेकॉर्डमध्ये असं करणाऱ्याला मी स्वतः मेमो दिला असता.

याच दिवसांत एका रविवारी फैजपूरच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली. फैजपूर म्हणजे माझी सासुरवाडी. दरवर्षी थंडीत, वांगी रसरशीत असताना, केळीच्या बागेच्या कडेला सगळं घर जमतं. हिरवी, पांढरट झाक असलेली मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर टाकतात, वरून काळी ठिक्कर होईपर्यंत. मग ती गरम असतानाच सोलायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. सोलायचं काम पंचवीस वर्षं माझं. बाकीचे लोक पाण्यात बोटं बुडवत बुडवत सोलतात. मी कोरड्या हाताने सोलतो. पाण्याने चव जाते, असा माझा सिद्धांत आहे, आणि तो मी दरवर्षी जाळाशेजारी बसून मोठ्याने मांडतो. जावई म्हणून त्या घरात मी दुसरं काहीही कमावलेलं नाही.

निघताना बायको गाडीत म्हणाली, "आज तुम्ही फक्त खायला चाललात. तुमचं बिनतिखटाचं वेगळं काढते. जाळाजवळ जायचं नाही."

"बरं," मी म्हणालो.

मळ्यात बायका शेडमध्ये पुऱ्या लाटायला बसल्या. मी खाटेवर बसलो, हात स्वेटरच्या बाह्यांत. वांगी जाळातून बाहेर येऊन टोपलीत पडत होती. थोरला मेहुणा, बायकोचा भाऊ, चिमट्याने वांगी उलटत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय हो पाव्हणे, औंदा हाताले मेंदी लावली काय? लांबूनच पाहून राह्यले."

सगळे हसले. मला सांगायला हवं की त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझी टिंगल केली होती. पहिल्यांदा कोणी मला बिचारा धरलं नव्हतं. त्या एका टोमण्याने माझ्या अंगात असं काही वारं भरलं की मी खाटेवरून उठलो, टोपलीपाशी मांडी घातली आणि बाह्या वर सारल्या.

"बघा आता मेंदी," मी म्हणालो.

पहिल्या वांग्याला हात लावला तशी कळ कोपरापर्यंत गेली. तोंडावर मी हसू ठेवलं. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं म्हणून चाललं. मी सिद्धांतही मांडायला घेतला, पाण्याने चव कशी जाते ते. तिसऱ्या वांग्याचं साल निघालं आणि त्याबरोबर माझ्या उजव्या अंगठ्याचंही. काळ्या सालाखाली गुलाबी काहीतरी चिकटलेलं दिसलं. ते वांग्याचं नव्हतं. मी ते अख्खं वांगं उचलून निखाऱ्यात फेकलं. "किडकं निघालं," म्हणालो. त्या दिवशी मी केलेली ही एवढीच एक बरी गोष्ट.

मोटारीच्या पाण्याखाली हात धरले. अंगठ्याला रुमाल बांधला, चटका बसला म्हणून सांगितलं. मेहुणा म्हणाला, "म्हातारे झाले पाव्हणे," आणि उरलेली वांगी त्याने सोलली, पाण्यात बोटं बुडवून. एवढ्यावर तरी माझी अक्कल थांबावी की नाही? जेवायला बसल्यावर बायकोने माझ्यासाठी वेगळी वाटी आणली, पांढरं, बिनतिखटाचं. ती वाटी पानात ठेवून बसणं म्हणजे पंक्तीत पाटी लावून बसणं. ती वळताच मी वाटी बाजूला सारली आणि सगळ्यांचं तिखट भरीत दोनदा मागून घेतलं. आधीच तीन-तीन जुलाब होणाऱ्या पोटात हिरव्या मिरचीचा ठेचा. घरी आल्यावर हजेरीला मी पूर्वीसारखंच उत्तर दिलं, आणि गोळी घेतली.

सोमवारी शाळेत गेलो नाही. पोट साफ नाही म्हणालो, आणि पोट सकाळपासून जे साफ व्हायला लागलं ते थांबेना. मी बायकोला काही कळू दिलं नाही. सकाळचं जेवण कसंबसं केलं, गोळी गिळली, चौकोनात रेघ पाडून घेतली. दुपारी तीनच्या सुमाराला भिंत धरत बाहेर आलो तर ती दारातच उभी होती.

"किती वेळा झालं?"

"दोनदा."

"सोळा वेळा पाणी सोडलंत तुम्ही. दरवेळी दोनदा सोडता, म्हणजे आठदा झालं. दोनदा कुठलं?"

सिस्टरने सांगितलेल्या सगळ्या गोष्टींतली ही दोनदा पाणी सोडायची गोष्ट तेवढी मी इमानाने पाळली होती. सोपी होती म्हणून. तिनेच मला पकडून दिलं.

"हात दाखवा," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. तिने तो पुढे ओढला, रुमाल सोडला. अंगठा उघडा, दोन बोटांवर फोड, तळहात पिकलेल्या टोमॅटोसारखा. मला वाटलं आता बोलेल. तिने कॅलेंडरकडे पाहिलं, त्या सगळ्या सरळ रेघांकडे. मग गोळ्यांचं पाकीट उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि फोन लावला.

सिस्टरने दोनच प्रश्न विचारले, किती जुलाब आणि हातांचं काय. मग म्हणाली, "काकू, संध्याकाळची गोळी देऊ नका. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत आणा त्यांना. आत्ता निघा."

रिक्षात मी तिच्या खांद्यावर मान टाकून होतो आणि पुलावरच्या प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत होतो. देवावर माझा फार विश्वास आहे असं नाही, पण त्या प्रवासात दुसरं कोणी माझं पोट सांभाळू शकणार नव्हतं.

सलाईन लागलं. रक्त घेतलं. डॉक्टर आले, हात बघितले. "हे कधीपासून?"

मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"मागच्या फेरीपासून," मी म्हणालो.

"जुलाब?"

"आठवडा झाला. आज सकाळपासून जास्त."

"आणि तुम्ही गोळी घेत राहिलात."

"बंद केली असती तर आजार परत आला असता ना, म्हणून." हे वाक्य दवाखान्याच्या उजेडात तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला ते साडूभाऊंच्या आवाजात ऐकू आलं.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. ओरडणाऱ्यातले ते नव्हते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "हात दुखायला लागले त्या दिवशी सांगितलं असतं, तर मी काही दिवस गोळी थांबवली असती. हात निवळले असते, थोडी कमी करून पुन्हा सुरू केली असती. वेळेवर थांबणं हा या औषधाचा भाग आहे. थांबलो म्हणजे हरलो असं नाही. आता अंगातलं पाणी गेलंय, किडनीवर ताण आलाय. आता तुम्हाला सक्तीने थांबावं लागणार."

"पण पुन्हा सुरू होईल ना?"

"बघू," ते म्हणाले.

ज्या गोष्टीच्या भीतीने मी महिनाभर खोटं बोललो ती गोष्ट मी स्वतःच्या हाताने, सोललेल्या हाताने, ओढवून आणली होती. 'बघू' हा एवढासा शब्द. आमच्या कार्यालयात तो मीच लोकांना दिवसातून दहा वेळा सांगतो. त्या खाटेवर पडून चार दिवस मी त्याचा अर्थ लावत होतो. बायको स्टुलावर बसून राहिली. तिने माझ्याशी औषधापुरतं बोलणं ठेवलं. पाणी प्या. कूस बदला. हात उशीवर ठेवा. रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला की ती कागद माझ्या आधी घेऊन वाचायची, आणि वाचताना तिचे ओठ हलायचे. तेवढं बघून मी मान फिरवायचो.

किडनी सावरली. हातांना अडीच आठवडे लागले. सुती मोजे, सैल चप्पल, कोमट पाणी, दिवसातून तीनदा युरियाचं मलम, विनोद न करता. मग डॉक्टरांनी हात उलटेसुलटे करून पाहिले आणि कमी मात्रेची गोळी पुन्हा लिहून दिली. 'बघू'चं उत्तर 'सुरू करा' असं आलं तेव्हा बायकोने चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. पर्सपर्यंत माझा हात पोचतो, हे तिच्या ध्यानात असावं.

त्याच संध्याकाळी साडूभाऊंचा फोन. त्यांना कुठून तरी कळलं होतं. "कमी केली ना गोळी? मी सांगे ना तुम्हले?" आवाजात आनंद मावत नव्हता, तो फोनबाहेर बायकोपर्यंत ऐकू येत होता. मी काही बोलायच्या आत बायकोने फोन घेतला. "भाऊजी, तुम्ही सांगितलं होतं ते आता कळलं मला. इथून पुढे यांच्या तब्येतीचं मला विचारायचं, यांना नाही. आणि सांगायचं काही असेल तर तेही मलाच." फोन ठेवून ती ताटं वाढायला गेली.

जेवण झालं. तिने गोळ्या झाकणात पाडल्या, झाकण पुढे सरकवलं. मी गिळल्या. कॅलेंडरवर रेघ पडली. मग हजेरी, या वेळी हात समोर पसरून, दोन्ही बाजू. तिने मलमाचं टोपण उघडलं आणि माझ्या अंगठ्याला लावायला घेतलं. नवी कातडी आली होती, लहान बाळासारखी, रेषांशिवाय. इतक्या दिवसांत तिने माझ्याशी भांडण केलं नव्हतं आणि तेच मला सोसत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "चूक झाली, मान्य आहे. पण तुझ्या माहेरच्यांना माझ्या हातचं भरीत लागतं गं. पंचवीस वर्षांची सवय आहे त्यांना."

तिने मलम लावणं थांबवलं नाही.

"तुमच्या भरतात दरवर्षी सालं राहतात," ती म्हणाली. "सगळे बाजूला काढून खातात. जावई आहात म्हणून बोलत नाहीत. पुढच्या थंडीत मी सोलते. तुम्ही फक्त समोर बसायचं."